आंब्याची अढी

आमरसाविषयी लोक लिहितात तेव्हा सगळं कसं पिवळंधम्मक आणि गोडगोड असतं. उन्हाळ्याची सुट्टी, भावंडांची दंगल, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला रस. असलं काही वाचलं की मला हेवा वाटत नाही, चीड येते. आमच्याही घरात आमरस झाला. पातेली भरभरून झाला. एका उन्हाळ्यात तर त्याच्याशिवाय दुसरं काही झालंच नाही. पण त्या रसाची गोडी आठवू म्हटलं तरी मला आठवत नाही. आठवतं ते आईचं घट्ट मिटलेलं तोंड, ताईच्या मुठीत पिळून पिळून पांढराफटक पडलेला बाठा, आणि थंड पडलेली गॅसची शेगडी.

यंदाही सिल्वासाच्या बाजारात आंबा आला. हातगाड्यांवर केसर, लंगडा, राजापुरी, आणि वलसाडकडचा हापूस. माझी मुलगी सालं काढून फोडी मिक्सरात टाकते, बटण दाबते, आणि म्हणते, "झालं! ह्याच्याइतकं सोपं काही नाही बघ आई." खरं आहे. ना चूल लागते, ना फोडणी. चिमूटभर मीठ, वाटलं तर वेलची, संपलं. सोपं आहे म्हणूनच तर माझ्या आईने ते निवडलं होतं.

आम्ही मूळचे कोकणातले. बाबा इथल्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आई मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. वर्गातसुद्धा आवाज न चढवणारी बाई. ताई, म्हणजे शैला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि एका प्लास्टिकच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला होती. नव्वदीची सुरुवात होती. गावाभोवतीच्या शेतांत एकामागून एक कारखान्यांच्या शेड उठत होत्या, धुळ्या-नंदुरबारकडची माणसं ट्रंका घेऊन उतरत होती, आणि आमची ताई सकाळच्या भोंग्याआधी वेणी घालून मोपेडवर निघायची. तिच्या ओढणीला संध्याकाळी वितळलेल्या प्लास्टिकचा वास यायचा. मला तो वास आवडायचा. मोठं होण्याचा वास तोच, असं मला वाटायचं.

मेमध्ये बाबा पलंगाखाली अढी लावत. भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर कैऱ्या मांडायच्या, वर पुन्हा पेंढा. वलसाडच्या आंब्याला ते नावं ठेवत. "हा हापूस नव्हे, हापसाचा चुलत भाऊ," असं दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी पेटी आणत. आईला मात्र रायवळ लागायचे. खानवेलच्या बसने एक म्हातारी टोपली घेऊन यायची आणि थेट आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसायची. "घे गो बाय, झाडावरचे हायेत," म्हणायची. छोटे, केसाळ, कुठला गोड तर कुठला दात आंबवणारा. रसाला तेच हवेत, असं आईचं मत. सकाळी बादलीत बुडवून ठेवायचे. मग एकेक हातात घेऊन चहूबाजूंनी हलकेच दाबत मऊ करायचा, देठ काढून पहिला चीक टाकून द्यायचा आणि पातेल्यावर धरून पिळायचा. शेवटी सालीला आणि बाठ्याला चिकटलेलंही निपटून घ्यायचं. हे काम ताईचं. तिच्यासारखा बाठा कोणालाच निपटता येत नसे.

आणि दुसरं एक होतं या गावात, ज्याच्यामुळे आम्हाला सगळीकडे खाली बघावं लागायचं. वेशीला लागून दारूबंदीचा गुजरात, आणि अलीकडे केंद्रशासित म्हणून दारूला मोकळं असलेलं आमचं गाव. रविवारी वापीकडून जीपा भरून माणसं यायची. आम्ही कोणाच्या लग्नाला ठाण्या-कल्याणला गेलो आणि कुठे राहता म्हटल्यावर सिल्वासा असं सांगितलं, की समोरचा काका डोळा मिचकावायचा. "म्हणजे मजा आहे तुमची!" बाबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. तरी ते कसनुसं हसायचे. ते हसणं मला आवडायचं नाही. आमच्या गावात दमणगंगा होती, खानवेलचं सागाचं जंगल होतं, आईच्या शाळेत पाढे म्हणणारी मुलं होती, ताईची लॅब होती. त्या लोकांच्या लेखी आमचं गाव म्हणजे एक बाटली. बाटलीत राहणाऱ्या मुली कशा असणार, हेही त्यांनी मनाशी ठरवलेलं असायचं.

त्या मेमध्ये ताईला बघायला कल्याणहून माणसं आली. मुलगा बँकेत होता. बरोबर त्याचे आईवडील आणि एक मामा. सगळी सूत्रं मामांकडेच दिसत होती. चहा झाला, पोहे झाले. मग मामा उठून म्हणाले, "जेवायला अवकाश आहे ना? आम्ही पुरुष मंडळी जरा गाव बघून येतो."

आईने पुऱ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. ताईने पहाटेपासून रस काढला होता, पातेलं परातीतल्या पाण्यात गार करायला ठेवलं होतं, वर ओलं फडकं टाकलं होतं. फडकं वाळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळलं. मुलाची आई आमच्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून होती. पुरुष कुठे गेलेत ते तिला ठाऊक असणार. ऊन कलल्यावर मंडळी आली तेव्हा डोळे तांबारलेले होते, तोंडात बडीशेप होती, आणि मामांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं.

जेवताना मामांनी रसाच्या वाटीवर वाटी रिचवली आणि मग बोटं चाटत म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. फक्त गाव जरा बदनाम पडतं तुमचं. चार लोक विचारणार, सिल्वासाची मुलगी का केली?"

वाढायला उभी असलेली ताई दारातच थांबली. मी तिच्या मागे होते. मामांच्या तोंडाचा वास आमच्यापर्यंत येत होता. बाबा कसनुसं हसले.

"नोकरीचं काय ते नंतर बघू," मामा पुढे म्हणाले. "आणखी थोडा रस वाढा."

ताईने वाढला. मी अजूनही तिला विचारते, का वाढलास? ती म्हणते, "पंगतीत बसलेल्याला वाढायचं, एवढंच शिकवलं होतं गं आपल्याला."

निघताना मामांनीच सुचवलं, मुलामुलीला चार शब्द बोलता येतील, शैलाला वापी स्टेशनपर्यंत जीपमध्ये येऊ द्या. बाबांनी पलंगाखालच्या अढीतले निवडक आंबे एका कापडी पिशवीत भरले आणि ती ताईच्या हातात दिली. "मांडीवरच ठेव," ते म्हणाले, "नाहीतर चेपतील."

तिथून पुढचं मला ताईने सांगितलं, एकदाच, पण असं सांगितलं की मीच त्या जीपमध्ये बसले होते असं वाटावं. मुलाने तिला विचारलं, "तुम्हाला सिनेमा आवडतो का?" बस, तेवढंच. दादरा मागे पडलं, गुजरातची हद्द आली, नाक्यावर शिपायाने जीप थांबवली. पुरुषांना खाली उतरवलं, त्यांच्या बॅगा उघडल्या. मग त्याची नजर ताईच्या मांडीवर गेली. "शुं छे एमां?"

"केरी," ताई म्हणाली.

शिपायाने पिशवीचं तोंड उघडलं, वरचे दोन आंबे उचलून हुंगले. चांगल्या घरची दिसणारी, साडीतली मुलगी. "जाव," म्हणाला. आंबे परत ठेवताना ताईने हात आत घातला, आंबे नीट लावावेत म्हणून. बोटांना काच लागली. गार, गुळगुळीत. एक नव्हे, दोन.

स्टेशनच्या बाहेर मामांनी पिशवी मागून घेतली, आंब्यांखालच्या बाटल्या काढून आपल्या बॅगेत टाकल्या आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "सून कामाची आहे रे!" सगळे हसले. मुलगाही हसला. ताई म्हणाली, तोपर्यंत तो तिला बरा वाटला होता.

ती एकटीच शेअर रिक्षाने परत आली. दारात चप्पलही काढली नाही. "बाबा, पिशवीत काय होतं ते तुम्हाला माहीत होतं?"

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

"बाबा, मी विचारतेय."

"त्यांनी गळ घातली," ते म्हणाले. "मुलीच्या लग्नाची बाब आहे. थोडं सांभाळून घ्यावं लागतं."

"पकडलं असतं तर?"

"बायकांचं सामान सहसा कोणी बघत नाही."

सहसा. हा शब्द मी त्यानंतर कित्येक वर्षं तोंडातून काढू शकले नाही. म्हणजे त्यांनी विचार केला होता. पोरीला पुढे घातलं तर काय होईल, याचा हिशेब मांडला होता, आणि तो त्यांना पटला होता. दारू न पिणारा, देवाला फुलं वाहिल्याशिवाय चहा न घेणारा माझा बाप. मामांचा मला राग आला तो तेवढ्यापुरता. असली माणसं जगात असतात. पण बाबा आमचे होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती बोलली आठवडाभराने, कल्याणहून होकार आल्यावर. होकार येणारच होता, कामाची सून मिळत होती! बाबांनी कोणाला न विचारता आमचंही ठरलं असं कळवून टाकलं आणि पेढे घेऊन घरी आले.

"तिला विचारलंत?" आई म्हणाली.

"चांगलं स्थळ आहे. तिला काय कळतंय?"

"नकार कळवा."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? शब्द दिलाय मी."

आईने पेढ्यांचा पुडा उघडलाही नाही. ती ओट्याशी गेली, खाली वाकली आणि सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवून बंद केला. टक् असा आवाज झाला. "नकार कळवेपर्यंत या घरात गॅस पेटणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हाही चढला नव्हता.

"मग खायचं काय?"

"आंबे आहेत."

शाळेला सुट्टी होती, तिला वेळच वेळ होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात भात शिजला नाही, चहा झाला नाही. दूधही बंद, कारण दूध तापवावं लागतं. सकाळी रायवळची बादली भरायची, दुपारी रस, त्याच्याबरोबर बेकरीचा पाव. संध्याकाळी पुन्हा रस, नाहीतर केळी कुस्करून त्यात गूळ आणि ओलं खोबरं. कधी कलिंगड, कधी नुसती काकडी. आई हे सगळं अगदी मन लावून करायची. मीठ घालायची, चव बघायची, वाट्या पुसून घ्यायची. रागाने आपटलेलं एक भांडं मी त्या दिवसांत ऐकलं नाही. त्यामुळेच ते भयंकर होतं.

शेजारच्या हंसाबेन दारातून डोकावल्या. "बेन, गेस खलास थई गयो?"

"गॅस आहे," आई म्हणाली. "पेटवायची इच्छा नाही."

त्यांना काय समजायचं ते समजलं. संध्याकाळी त्यांनी गरम रोटली आणि शाक पाठवलं. आईने डबा तसाच परत केला, वर दोन आंबे ठेवून. मला भूक लागली होती, रोटलीचा वास नाकात गेला होता. मी रडले. आईने मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. "तुला हवं तर तू जा हंसाबेनकडे जेवायला," एवढंच म्हणाली. मी गेले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं, पण मला जाता आलं नाही.

बाबा सुरुवातीला बाहेर जेवले. पण आमच्या गावातल्या खाणावळीत संध्याकाळी कोण बसतं? शेजारच्या टेबलावर ग्लास, आरडाओरडा, आणि कचेरीतलं कोणीतरी ओळखीचं. "काय साहेब, तुम्ही इथे?" त्यांना ते सोसवेना. मग ते घरीच पाटावर बसू लागले. आई त्यांच्यापुढे वाटी ठेवायची. ते पाव बुडवून, मान खाली घालून खायचे. "पोटात आग पडलीय," एकदा म्हणाले. आई म्हणाली, "हो, पडणारच." रोज आंबा खाऊन माझ्या मानेवर गळू आलं, आईचं तोंड सोललं, ओठांना भेगा पडल्या. तिला रसाचा घोट घेतानाही झोंबायचं, तरी ती घ्यायची. उपाशी राहून कुढणं तिला मान्य नव्हतं. ती खात होती आणि आम्हाला खाऊ घालत होती. फक्त बाबांना हवं ते घालत नव्हती.

आणि ताई? ती सकाळी कामावर जायची, संध्याकाळी यायची, ओट्याशी उभी राहून आंबे पिळायची. एवढ्या ताकदीने पिळायची की साल फाटून हातात यायची. पलंगाखालची अढी रोज थोडी रिकामी होत होती. पेंढा उरत होता. मनातल्या अढीला आपल्या भाषेत तोच शब्द का, हे मला त्या पेंढ्याकडे बघून कळलं. दाबून, झाकून, अंधारात ठेवलेलं आतल्या आत पिकतच जातं.

जूनच्या तोंडावर, आभाळ भरून आलेलं असताना, एका संध्याकाळी बाबांनी पायात चपला घातल्या. "चल गं," मला म्हणाले. एकट्याने जायचं धैर्य नव्हतं त्यांना. बाजारातल्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात आम्ही दोघं दाटीवाटीने उभे राहिलो. त्यांनी कल्याणला फोन लावला. मामांचा आवाज रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येत होता.

"नाही, म्हणजे आमच्याकडून जमत नाही," बाबा म्हणाले. "नाही, पत्रिकेचं काही नाही." मग घाम पुसून, "मुलीला पसंत नाही."

मला वाटलं, त्यांच्या गळ्यात पडावं. त्या काळी कुठला बाप असं बोलत होता? माझ्या मुलीला पसंत नाही! पण पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि बाबा घाईघाईने बोलू लागले. "छे छे, त्याचा काही संबंध नाही. बाटल्यांचं काय एवढं! नाही हो, तुमचं काहीच चुकलेलं नाही. आमच्याच मुलीचा स्वभाव जरा... तुम्ही राग मानू नका." आणि त्या काचेच्या खोक्यात, समोर मामा नसताना, त्यांनी मान वाकवली.

घरी येताना मी त्यांच्या पुढे पुढे चालले. दारातच आईला सांगून टाकलं, सगळं, शब्द न शब्द. ताई पातेलं घासत होती. तिने हात थांबवला. "माझाच स्वभाव?" ती म्हणाली.

"नकार कळवला ना?" बाबा म्हणाले. "तुम्हाला हवं होतं ते झालं. आता तरी चहा टाका."

"आधी मला एकदा म्हणा, माझं चुकलं," ताई म्हणाली. "एवढंच म्हणा."

बाबा आईकडे बघू लागले. आई आमच्या तिघांकडे बघत होती. तिचे ओठ फुटलेले होते, डोळ्यांखाली काळं साचलं होतं. ती दमली होती, हे मला आज कळतं. ती वाकली, रेग्युलेटर फिरवला, काडी ओढली. निळी ज्योत पेटली आणि आधण ठेवलं गेलं. बाबा पाटावर बसले. ताईने ओले हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत निघून गेली.

त्याच पावसाळ्यात तिने सुरतच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि हॉस्टेलवर राहायला गेली. दिवाळीला यायची. बाबांशी बोलायची, पण पाऊसपाणी आणि गाड्यांच्या वेळा एवढंच. दोन-तीन वर्षांनी तिने तिथल्याच एका सहकाऱ्याशी रजिस्टर लग्न केलं. आई आणि मी गेलो. बाबा म्हणाले, त्यांना रजा नाही. पुढे निवृत्त झाल्यावर ते लोकांना अभिमानाने सांगत, माझी थोरली मोठ्या कंपनीत अधिकारी आहे. ते ऐकून मी उठून जायची. ज्या मुलीला नाक्यावर ढाल केलं, तिची बढती मिरवायला त्यांना काही वाटत नव्हतं. तीन शब्द होते. माझं चुकलं गं. तेही दोनच राहिले असते 'गं' वगळला असता तर. ते शब्द न बोलता ते म्हातारे झाले, आजारी पडले, आणि गेले.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या मेमध्ये ताई चार दिवस राहायला आली. आई, ती आणि मी पातेल्याभोवती बसून रायवळ पिळत होतो. माझा नवरा येता जाता म्हणाला, "झालं गेलं आता सोडून द्यायला हवं. गेलेल्या माणसावर राग धरू नये." तो चांगला माणूस आहे. त्याला वाटलं, असं म्हणायचं असतं.

तो बाहेर गेल्यावर ताई म्हणाली, "मला सोडता येत नाही गं आई. बाबा नाहीत, तरी राग येतो."

आई हातातला बाठा निपटत राहिली. "त्या दिवशी मी गॅस पेटवायला नको होता," ती म्हणाली. "अजून थोडी कळ काढली असती तर बोलले असते ते."

"बोलले असते?"

"नसतेही बोलले. पण मी चहा टाकायला नको होता." तिने बाठा ताटलीत टाकला आणि दुसरा आंबा उचलला. "येऊ दे राग. मलाही येतो."